टाकळीच्या गोगलगायी आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय

नागपूरच्या मोहननगर भागातून एका संडे स्कूल शिक्षिकेचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुद्द्याचा भाग असा:

‘आमच्या मंडळीत मी मोठ्या मुलांचा वर्ग घेते. या सुट्टीत “सृष्टी आणि विज्ञान” हा विषय घेतला आणि इंटरनेटवरचे काही व्हिडिओ दाखवले. पृथ्वी साधारण सहा हजार वर्षांची आहे, सगळे जीवाश्म नोहाच्या जलप्रलयात तयार झाले, कार्बनवरून काढलेलं वय चुकीचं असतं, डायनासोरच्या हाडात मऊ पेशीजाल सापडलं, असं त्यांत सांगितलं होतं. दहावीतली एक मुलगी उठून म्हणाली, “टीचर, टाकळीच्या दगडात गोगलगायींचे शंख सापडतात. आमच्या विज्ञानाच्या मॅडम म्हणतात ते सहा कोटी वर्षांहून जुने आहेत. मग खोटं कोण बोलतंय?” मला उत्तर सुचलं नाही. तिची आई म्हणते, पोरीचा विश्वास ढळेल. पाळकसाहेब म्हणतात, हा विषयच बंद करा. मी वाणिज्य शाखेची, विज्ञान दहावीनंतर सुटलं. पण देवाने हे सगळं निर्माण केलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पुढच्या रविवारी त्या मुलीला काय सांगू?’

प्रिय भगिनी, सलाम.

विषय बंद करू नका, ही माझी पहिली विनंती. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. ती मुलगी तो वाचणार, त्यावर पेपर लिहिणार, पुढे कदाचित त्याच शास्त्रात शिकणार. मंडळीने तोंड मिटलं तर ती एवढंच शिकेल की, चर्चमध्ये काही प्रश्न विचारायचे नसतात. अशी मुलं भांडून जात नाहीत, हळूहळू यायची थांबतात. तिने भर वर्गात, तुमच्या तोंडावर विचारलं, म्हणजे तिचा तुमच्यावर भरवसा आहे.

मी कुठे उभी आहे तेही सांगते. आकाश आणि पृथ्वी देवाने उत्पन्न केली अशी विश्वासाची कबुली मी दर रविवारी देते आणि ती मनापासून देते. पण टाकळीचे शंख सहा कोटी वर्षांहून जुने आहेत हेही मला मान्य आहे. एकाने दुसरं खोटं ठरत नाही. उलट सृष्टी देवाची आहे म्हणूनच तिच्यात जे सापडतं ते जसंच्या तसं स्वीकारणं हा मला माझ्या विश्वासाचा भाग वाटतो. त्याच्या हातच्या खडकाला आपल्या सोयीची साक्ष द्यायला लावणं मला भक्ती वाटत नाही.

आता नागपूरच्या टाकळीबद्दल बोलू. ती गोष्ट आपल्याच गावची आहे आणि आपल्याच मंडळीची आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, त्यांच्याच नावाने १८८३ मध्ये कॉलेज सुरू झालं. हे नागपुरात सगळ्यांना माहीत असतं. पण तेच हिस्लॉप सुवार्तेसाठी गावोगाव फिरताना दगडही तपासत होते, हे आपल्या वर्गांत क्वचितच सांगितलं जातं. सहकारी मिशनरी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूरच्या आसपासचे थर आणि जीवाश्म यांवर लिहिलेला लेख लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ मध्ये छापून आला. टाकळीचे शंख, मासे, बिया, लाकूड त्यात आहे. कामठीजवळच्या सिलेवाड्याच्या वाळूखडकातली ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची पानं आहेत. मांगलीला मिळालेली एका चपट्या डोक्याच्या उभयचराची कवटी इंग्लंडला गेली आणि रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाने त्याच वर्षी तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असं नाव दिलं. टाकळीच्याच एका हिरवट खनिजाला हिस्लॉपाइट म्हणतात. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना ते बोरीच्या पुरात बुडून गेले. तोपर्यंत हा मनुष्य उपदेश करत होता, गोंडांच्या बोली टिपून घेत होता आणि शंखही गोळा करत होता.

या माणसाला पृथ्वी फार जुनी आहे हे मानायला अडचण आली नाही. त्याच्या फ्री चर्चचे पहिले अध्यक्ष थॉमस चाल्मर्स १९व्या शतकाच्या सुरुवातीपासूनच शिकवत होते की, बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातल्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनामध्ये कितीही काळ गेलेला असू शकतो. त्यांचं ते स्पष्टीकरण आज मला पटत नाही, कारण मूळ मजकुरात तसा खंड दिसत नाही. पण एवढं तरी कळतं की, ज्यांनी विदर्भात सुवार्ता आणली त्यांनी खडकाचं वय हा विश्वासाचा निकष केला नव्हता. सहा हजार वर्षांच्या आसपासचा हिशोब बायबलमधल्या वंशावळींवरून आर्चबिशप अशर यांनी १६५०च्या सुमारास मांडला; त्यात सृष्टीचं साल इ.स.पू. ४००४ निघतं. तुम्ही दाखवलेल्या व्हिडिओंतली ‘सगळे थर एकाच प्रलयाचे’ ही मांडणी तर फार अलीकडची. ती २०व्या शतकात अमेरिकेत जॉर्ज मॅक्रेडी प्राइस यांनी रेटली आणि १९६१ मध्ये व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांच्या पुस्तकामुळे घरोघर गेली. ती मांडणारी माणसं शास्त्रवचनावर जीव टाकणारी होती, यात शंका नाही. वर्गात त्यांची टिंगल होऊ देऊ नका. पण ही मांडणी म्हणजेच ख्रिस्ती विश्वास, असंही सांगू नका.

त्या शंखांकडे येऊ. पश्चिम नागपूर काळ्या दगडावर, म्हणजे बेसॉल्टवर बसलं आहे. सेमिनरी हिल्स, सीताबर्डीचा किल्ला, सगळा तोच दगड. दख्खनच्या लाव्ह्याची ही पूर्वेकडची कड. शहराच्या पूर्वेला गेलात की दगड बदलतो, कामठीकडे कोळशाच्या काळातले वाळूखडक लागतात. लाव्हा एकदम आला नाही. एक लोट यायचा, थिजायचा, मग बराच काळ शांतता. वरचा भाग झिजून माती व्हायची, खोलगट जागी पाणी साचून तळं व्हायचं, काठाला झाडं यायची, तळ्यात मासे आणि गोड्या पाण्यातल्या गोगलगायी वाढायच्या. त्या मेल्या की शंख गाळात बसायचे. मग पुढचा लोट येऊन सगळं झाकून टाकायचा. टाकळीचा थर असा दोन लाव्ह्यांच्या मधोमध सापडला. भूशास्त्रात अशा थराला आंतरट्रॅपी म्हणतात.

आता हे सगळं एका वर्षाच्या पुरात बसवून पाहा. पुराच्या पाण्याखाली लाव्हा थिजायला हवा, त्यावर माती तयार व्हायला हवी, गोड्या पाण्याचं तळं व्हायला हवं, त्यात गोगलगायींच्या पिढ्या जन्मून मरायला हव्यात आणि मग पुन्हा लाव्हा. आपल्याकडच्या लामेटा नावाच्या खडकांच्या थरांतली डायनासोरची घरटी त्याहून बोलकी आहेत. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी मिळाल्याचा शोधनिबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मातीत खड्डा करून, ओळीने अंडी घालून गेलेला प्राणी बुडत नसतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला तर डायनासोरची विष्ठा दगड होऊन मिळाली आणि तिच्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण निघाले. भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये हे दाखवेपर्यंत डायनासोरच्या काळात गवत होतं असं जगात फारसं कुणी मानत नव्हतं. हे मुलांना जरूर सांगा. आपल्या वरोऱ्याजवळच्या शेतातल्या दगडाने जगाची पाठ्यपुस्तकं दुरुस्त केली. देवाची सृष्टी पाहून थक्क व्हायचं तर याहून चांगला पाठ कुठला?

कार्बनचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच आहे. कार्बन-१४ साधारण ५,७३० वर्षांत निम्मा होतो. पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. म्हणून टाकळीचे शंख किंवा डायनासोरचं हाड यांचं वय कार्बनवरून कोणी काढतच नाही. दहावीच्या धड्यात कार्बन वयमापनाची माहिती येते, त्यामुळे मुलांना वाटतं सगळं त्यानेच मोजतात, आणि व्हिडिओवाले त्याच समजावर हल्ला करतात. लाव्ह्याचं वय वेगळ्या रीतीने निघतं. दगड वितळलेला असताना आर्गॉन हा वायू त्यातून निसटून जातो. दगड थिजला की पोटॅशियमच्या एका प्रकाराचं अतिशय सावकाश रूपांतर होत राहतं आणि त्यातून तयार होणारा आर्गॉन स्फटिकात अडकून पडतो. या पोटॅशियमला निम्मं व्हायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात. किती अडकला ते मोजलं की थिजल्याला किती काळ झाला ते कळतं. दुसरी रीत झिरकॉन या खनिजाच्या बारीक कणांतल्या युरेनियमचं शिसं किती झालं ते पाहण्याची. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही, तरी दख्खनच्या मुख्य उद्रेकांसाठी दोन्ही सुमारे ६.६ कोटी वर्षांच्या आसपास येऊन थांबतात. एका साक्षीदाराबद्दल शंका घेता येते. ओळखदेख नसलेले दोघे एकच सांगू लागले तर न्यायाधीशही ऐकतो.

मऊ पेशीजालाची गोष्ट खरी आहे, पण व्हिडिओत ती अर्धी सांगितली. मेरी श्वाइट्झर या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी टायरॅनोसॉरसच्या मांडीच्या हाडातले खनिज विरघळवले, तेव्हा लवचिक धागे आणि नळ्या दिसल्या. हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. इतक्या काळानंतर हे टिकलंच कसं, हा खरा प्रश्न होता आणि त्यावर त्यांनीच पुढे काम केलं. रक्तातल्या लोहामुळे असं जतन होत असावं असं त्यांच्या प्रयोगांतून पुढे आलं. श्वाइट्झर स्वतः श्रद्धावंत ख्रिस्ती आहेत. आपल्या कामावरून पृथ्वी तरुण ठरवणं त्यांना मान्य नाही, हे त्यांनी उघडपणे सांगितलं आहे. एका ख्रिस्ती बहिणीचं काम तिच्याच म्हणण्याविरुद्ध वापरणं मला योग्य वाटत नाही. मुलांनाही वाटू नये.

तुम्ही पवित्र शास्त्र शिकवणाऱ्या, म्हणून आता पवित्र शास्त्राकडे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी येतो. संध्याकाळ आणि सकाळ त्याआधी तीन वेळा झालेली असते. हे कोडं डार्विनने घातलेलं नाही. संत ऑगस्टीन पाचव्या शतकात विचारत होते की, हे दिवस कसले असावेत. त्यांनी एक इशाराही देऊन ठेवला आहे: आकाश, पृथ्वी, प्राणी यांबद्दल ज्या गोष्टी बाहेरच्या लोकांनाही पक्क्या ठाऊक असतात, त्यांवर ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या नावाने काहीबाही बोलू लागला, तर ते लोक पुनरुत्थानाबद्दल त्याचं कशाला ऐकतील? तुमच्या वर्गातल्या मुलीचा प्रश्न नेमका हाच आहे.

तो अध्याय मी कसा वाचते ते सांगते. आजूबाजूची राष्ट्रं सूर्याला, चंद्राला, समुद्रातल्या अजस्र प्राण्यांना देव मानत होती. त्यांच्यामध्ये बसून इस्राएल म्हणतो, हे सगळं निर्माण केलेलं आहे, यातलं काहीही देव नाही, आणि हे सगळं चांगलं आहे. सूर्य-चंद्राची नावंसुद्धा तिथे घेतलेली नाहीत, मोठी ज्योती आणि लहान ज्योती एवढंच म्हटलं आहे. त्या अध्यायाचा जोर इथे आहे. लाव्हा कधी थिजला हे सांगायला तो लिहिलेला नाही.

यात एक अवघड जागा आहे आणि ती मुलं शोधून काढतीलच. माणसाच्या आधी कोट्यवधी वर्षं प्राणी मरत होते, तर ‘पापाद्वारे मरण जगात आले’ या पौलाच्या म्हणण्याचं काय? रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडा. तिथे मरण ‘सर्व माणसांमध्ये’ पसरल्याचं म्हटलं आहे. गोगलगायींचा विषय तिथे नाही. आणि स्तोत्र १०४ वाचा. ते सृष्टीचंच स्तोत्र आहे. त्यात सिंहाचे छावे भक्ष्यासाठी गर्जना करतात आणि देवाजवळ आपलं अन्न मागतात. स्तोत्रकर्ता त्याबद्दल देवाची स्तुती करतो. ईयोबाच्या पुस्तकात देव स्वतः गरुडाच्या पिलांनी रक्त प्याल्याचं सांगतो. यामुळे दुःखाचा सगळा प्रश्न सुटतो असं मी म्हणणार नाही. इतक्या प्राण्यांचं मरण देवाने का होऊ दिलं, हे मलाही बोचतं. पण ती बोच शंखाचं वय कमी करून जात नाही.

माणसाबद्दल मुलगी विचारेलच. तेव्हा टाळाटाळ करू नका. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, चिंपांझी आणि गोरिलात २४. आपल्या दुसऱ्या गुणसूत्रात दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जुळल्याची खूण दिसते. जे क्रम एरवी फक्त टोकांना असतात ते तिथे मधोमध आहेत. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प ज्यांच्या नेतृत्वाखाली पूर्ण झाला ते फ्रान्सिस कॉलिन्स तरुणपणी नास्तिक होते, पुढे ख्रिस्ती झाले. हे पुरावे ते मान्य करतात आणि उपासनेलाही जातात. देवाने मनुष्याला मातीपासून घडवलं आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला, असं उत्पत्ती २:७ म्हणतं. घडवायला किती काळ घेतला हे ते म्हणत नाही. आदाम एक व्यक्ती की साऱ्या मानवजातीचं नाव, यावर विश्वासणाऱ्यांत प्रामाणिक मतभेद आहेत. वर्गात दोन्ही बाजू सांगा.

आणखी एका मोहापासून जपा. काही जण महास्फोटाचा (बिग बँगचा) सिद्धांत हातात घेऊन म्हणतात, बघा, उत्पत्ती १:१ सिद्ध झालं! तो सिद्धांत १९२७ ते १९३१ दरम्यान मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरूच होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्याचा आधार घेऊन सृष्टिनिर्मितीबद्दल भाषण केलं, तेव्हा लमेत्रच अस्वस्थ झाले. त्यांना हा मेळ घालणं पसंत नव्हतं. विज्ञानाला आज जे उमगत नाही तिथे देव बसवला, तर उद्या ते उमगल्यावर त्याला तिथून उठवावं लागेल. उमगलेल्या गोष्टीही त्याच्याच आहेत, हे मुलांच्या मनात पक्कं करा.

तर रविवारी काय करायचं? सुरुवातीलाच त्या मुलीचं नाव घेऊन सगळ्यांसमोर सांगा की, तिचा प्रश्न चांगला होता. कोणी खोटं बोलत नाही, शंखाचं वय मॅडमनी बरोबर सांगितलं, व्हिडिओतल्या काही गोष्टी तपासल्यावर टिकत नाहीत, एवढं साध्या शब्दांत सांगा. मग स्तोत्र १०४ सगळ्यांनी मिळून वाचा. मग हिस्लॉप यांची गोष्ट सांगा. तास त्यातच संपेल आणि संपू द्या. परीक्षेत धड्यातलं उत्तर लिहिणं म्हणजे प्रभूला नाकारणं नव्हे, हेही तिला स्पष्ट शब्दांत हवं आहे. तुम्हीच सांगा.

आईला भेटायला घरी जा, फोनवर बोलू नका. त्या बाईंची भीती खरी आहे आणि तिचं उत्तर युक्तिवादात नाही. मुलगी प्रश्न घेऊन संडे स्कूलला येते आहे, प्रार्थनेला बसते आहे, हे त्यांना दाखवा.

पाळकसाहेबांशी वर्गाआधी बोला, नंतर नाही. त्यांना डावलून केलं असं व्हायला नको. बहुधा त्यांना विषयापेक्षा वादाची धास्ती असेल. गेल्या काही वर्षांत अशा विषयांवर मंडळ्यांत फाटे फुटताना त्यांनी पाहिले असतील. सोबत तीनच गोष्टी घेऊन जा: रोमकरांस ५, स्तोत्र १०४ आणि हिस्लॉप यांची माहिती. पृथ्वी तरुण मानणारे वडीलधारे मंडळीत असतीलच. त्यांना कोणी विश्वासात कमी लेखणार नाही आणि त्यांनीही मुलांना कमी लेखू नये, एवढ्यावर पाळकसाहेबांचा शब्द घ्या.

हिवाळ्यात मुलांची सहल काढा. टाकळी आता शहरात बुडाली, तिथे घरं आणि रस्ते आहेत. पण अजब बंगला, म्हणजे नागपूरचं संग्रहालय आहे, गांधीसागरासमोर रमण विज्ञान केंद्र आहे. विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात पत्र देऊन विचारा, एखादे प्राध्यापक तासभर बोलायला बहुधा तयार होतील. प्रश्न मुलांनी आधी कागदावर लिहून न्यावेत, सगळे, अगदी देवाबद्दलचेही. पिसदुऱ्याला मात्र वर्ग घेऊन हातोडी चालवायला जाऊ नका. तिथले दगड अभ्यासाचे आहेत, खिशात घालायचे नाहीत.